दहाबारा माणसांचं वजन

पाचरकाकांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्या गल्लीला ते पाचरकाका म्हणूनच ठाऊक. धंदा सुतारकामाचा. खुर्ची असो, कपाट असो, नाहीतर कुणाच्या खिडकीची मोडकी चौकट असो. सांधा जुळला, सरस लागला, तरी शेवटी त्यात एक लाकडी पाचर ठोकल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. त्यावरून कुणा गमत्याने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नाव ऐकून नव्या माणसाला वाटे, हा गृहस्थ चालत्या बोलण्यात पाचर मारणारा दिसतो. बिचाऱ्यांवर उगाच आळ. पाचर मारायला आधी बोलणं चालू असावं लागतं, आणि काकांच्या घरात रेडिओ सोडला तर बोलणारं कुणी नव्हतं.

घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे दोन खोल्या. कारखाना हा शब्द त्यांच्या वडिलांचा. एक मोठी खोली, एक लांब टेबल, भिंतीला टांगलेल्या करवती आणि कोपऱ्यात भुशाचा ढीग, एवढ्यालाच ते कारखाना म्हणत आणि मोठ्या तोऱ्यात म्हणत. त्या कारखान्याला त्यांनी एक नियम घालून दिला होता. कुठलीही वस्तू दाराबाहेर जायची, तर पुढे तिच्यावर जेवढा भार पडणार तेवढ्या भाराची माणसं आधी तिच्यावर बसली पाहिजेत. पलंग तयार झाला की आई, आत्या, पोरंटोरं, असतील ते पाहुणे, सगळे पलंगावर. पुस्तकांची मांडणी केली तेव्हा तर लहानग्यांना एकेका कप्प्यात कोंबून बसवलं होतं. वडील खाली आडवे होऊन लाकडाला कान लावत आणि ओरडत, "हला रे! मूग गिळून बसू नका, हसा, खोका, एकमेकांना ढोसा!" लाकूड कुरकुरलं की सांधा उसवून पुन्हा बसवायचा. नाही कुरकुरलं तर सगळ्यांना चहा. परीक्षा लाकडाची असे, पण पास झाल्याचा आनंद माणसांना होई.

वडील गेल्यावर खाली आडवं होण्याचं काम काकांकडे आलं. तेव्हा घर भरलेलं होतं. काकांची बायको होती, धाकटा भाऊ होता, त्याची बायको, त्यांची तीन मुलं. काकांना मूलबाळ नव्हतं, पण धाकट्याची मुलं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली, त्यामुळे ते कधी फारसं जाणवलं नाही. मग मुलांच्या शाळेसाठी म्हणून धाकट्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. तिकडेच त्याने तयार फर्निचरचं दुकान टाकलं, ज्याचे स्क्रू पिशवीत वेगळे मिळतात तसलं. दोघा भावांत भांडण काही झालं नाही. हेच वाईट झालं. भांडण झालं असतं तर कधीतरी समेट करता आला असता. इथे तोडायलाच काही नव्हतं, मग जोडायचं काय? आधी दर आठवड्याला येणं होतं, मग महिन्याने, मग कुणाचं काही बरंवाईट झालं तर. त्यात काकांची बायको आजारी पडली आणि गेली. तिच्यामागे काका स्टूल करत, फळ्या ठोकत, पाट्या करत. स्टुलावर बसून पाहायला एकटा माणूस पुरतो, तेव्हा नियम मोडायची वेळ काही आली नव्हती.

ती वेळ आणली दातांच्या डॉक्टरांनी. मोठ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. बाई हुशार, हाताला हलकी आणि तोंडाने फटकळ. बाहेरच्या खोलीत नंबराची वाट बघत बसलेली लहान मुलं रडतात, त्यांचं रडं ऐकून मोठ्यांचाही धीर सुटतो, म्हणून त्यांनी तिथे माशांची टाकी ठेवायचं ठरवलं होतं. साधीसुधी नव्हे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल.

"स्टँड मजबूत हवा हं काका," त्या म्हणाल्या. "आणि उंच नको. लहान पोराला उभ्या उभ्या मासा डोळ्यासमोर दिसला पाहिजे."

"पाणी किती मावेल त्यात?"

"काचवाला म्हणत होता, काच, पाणी, तळातले दगड, सगळं मिळून दहाबारा माणसांचं वजन होईल."

त्या सहज बोलून गेल्या. काकांच्या मनात मात्र ते दहाबारा तिथेच रुतून बसले.

काम त्यांनी मन लावून केलं, अगदी जीव ओतून. जुना साग होता त्यांच्याकडे, कितीतरी वर्षं माळ्यावर वाळत पडलेला. त्याचे सहा जाडजूड पाय काढले, चार कोपऱ्यांना चार आणि लांबीच्या मधोमध दोन, कारण लाकूड वाकतं ते मध्येच. वरची चौकट पायांना खिळे मारून टांगली नाही, पायांच्या डोक्यावर टेकवली. "वजन खिळ्यावर टांगायचं नाही, पायावर उतरवायचं," हे वडिलांचं वाक्य ते आता लाकडालाच ऐकवत. पाणी जड खरं, पण नुसतं जड असतं तर गोष्ट वेगळी. पाणी हलतं. कुणी टाकीला धक्का दिला, पोराने काचेवर थाप मारली, की सगळं पाणी एका बाजूला झुकतं आणि सांधे आडवे ओढले जातात. म्हणून त्यांनी पायापायांमध्ये तिरके आधार दिले. प्रत्येक सांध्याला पाचर ठोकली. वर जाड प्लायवूड बसवलं, पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला. पाणी सांडलं तर लाकडाने पिऊ नये म्हणून व्हार्निशचे हात दिले, पायांच्या तळव्यांनासुद्धा, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं.

आणि मग ते समोर स्टूल टाकून बसले आणि माणसं मोजू लागले.

स्वतः एक. पुढे गाडी अडकली. शेजारचा शिंपी आणि त्याची बायको धरली तर तीन. पण शिंपी म्हणजे काडी, त्याला अर्धाच धरायला हवा. कोपऱ्यावरचा वाळू-सिमेंटवाला होता, तो मात्र दीड भरला असता. त्याच्याजवळ काकांनी विषय काढून पाहिला. तो म्हणाला, "अहो, माणसं कशाला? वाळूच्या गोण्या ठेवा. मी देतो."

"गोणी हलत नाही," काका म्हणाले.

"मग बरंच आहे की!"

"बरं नाही. पाणी हलतं."

सिमेंटवाल्याने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. काकांचा मुद्दा सुतार म्हणून चुकीचा नव्हता. पण खरं सांगायचं तर तो अर्धाच खरा होता. उरलेला अर्धा असा, की काकांना त्या स्टँडवर गोण्या बघवल्या नसत्या. त्यांना तिथे माणसं बघायची होती. आपल्या जिवाभावाची दहाबारा माणसं जगात उरली आहेत की नाहीत, हे त्यांना एकदा पाहायचं होतं, आणि त्यासाठी हा स्टँडच काय तो बहाणा होता.

शेवटी त्यांनी धाकट्याला फोन लावला. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय असलेल्या माणसाने सरळ विचारलं, हीच मोठी गोष्ट.

"स्टँड केलाय मोठा. बसून पाहायचाय. सगळ्यांना घेऊन येशील?"

पलीकडे धाकटा खदाखदा हसला. "दादा, अजून बसवतोस तू लोकांना? अरे, आठवतंय मला, त्या मांडणीच्या कप्प्यात माझं डोकं अडकलं होतं! येतो की. रविवारी येतो. मुलांना, सुनांना, नातवंडांना, सगळ्यांना आणतो. बाराच्या वर भरू आम्ही."

फोन ठेवल्यावर काकांनी झाडू घेतला. कित्येक वर्षं साठलेला भुसा पोत्यांत भरला, करवती पुसल्या, मागच्या खोल्यांतली जाळी काढली. घरात कप होते दोन, त्यांतल्या एकाचा कान तुटलेला. ते शिंप्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोकडून डझनभर कप मागून आणले.

"पाहुणे येणार वाटतं?" तिने विचारलं.

"भाऊ येतोय. सगळं घर येतंय." हे सांगताना काकांचा आवाज नको इतका मोठा झाला.

रविवारी दूध आणलं, बिस्किटांचे पुडे आणले, लहान मुलांसाठी गोळ्या आणल्या. स्टँड खोलीच्या मधोमध ओढून ठेवला. काकांनी धुतलेला सदरा घातला आणि पुन्हा बदलला, कारण खाली आडवं व्हायचं होतं. चहाचं पाणी गॅसवर ठेवलं आणि लवकर होईल म्हणून बंद केलं. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी फोन वाजला.

"दादा, अरे, हिच्या माहेरची माणसं अचानक आलीत. आता यांना सोडून कसं निघू? आणि मुलांचं तर तू बघतोसच, रविवारी एकाचं तोंड एकीकडे, दुसऱ्याचं तिसरीकडे." धाकट्याला खरंच वाईट वाटत होतं, ते ऐकू येत होतं. "असं कर ना, वाळूच्या गोण्या ठेव. कामाशी काम."

"हो, हो. तेच करतो. तसं सहजच म्हटलं होतं मी," काका म्हणाले.

"रागावला नाहीस ना?"

"छे! राग कसला? पाहुण्यांना बघ तू."

आपलेच दात, आपलेच ओठ. काका काय बोलणार? त्यांनी दूध तापवून झाकून ठेवलं. मग ते स्टँडवर एकटेच बसले, आधी एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या, मग मध्ये. सहा फुटांच्या स्टँडला एका म्हाताऱ्याचं काय ओझं होणार? लाकडाला कुणी बसल्याचं कळलंही नसेल.

संध्याकाळी कप परत द्यायचे होते. कुणी वापरलेच नव्हते, तरी काकांनी ते एकेक करून धुतले. पुसले मात्र नाहीत, ओलेच नेले. शिंप्याच्या बायकोने कप मोजून घेतले आणि आपुलकीने विचारलं, "आले होते ना सगळे?"

"आले होते की," काका म्हणाले. "फार गडबड केली पोरांनी."

एवढं बोलून त्यांनी स्वतःचे हात स्वतःच बांधून घेतले. आता शिंप्याला, त्याच्या बायकोला, सिमेंटवाल्याला कोणत्या तोंडाने म्हणणार, की या, बसा? आजच सगळं घर बसून गेलं म्हटल्यावर पुन्हा माणसं कशाला हवीत? गल्लीत जी दोनतीन माणसं आली असती, तीही त्या एका वाक्याने गेली.

सोमवारी त्यांनी सिमेंटवाल्याकडून गोण्या आणवल्या आणि स्टँडवर रचल्या. गोण्या मुकाट बसून राहिल्या. लाकूडही गप्प. काकांनी खाली आडवं होऊन कान लावला आणि "हला!" असं म्हणायला तोंड उघडून परत मिटलं.

मंगळवारी टेम्पोतून स्टँड दवाखान्यात पोचला. बाहेरच्या खोलीत गर्दी होती. गाल सुजलेले, जबड्याला रुमाल धरलेले, एकमेकांकडे न बघता बसलेले लोक. हमालांनी स्टँड मध्ये ठेवला. डॉक्टरीण तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढत बाहेर आली.

"वा! काका, यावर तर हत्ती उभा राहील. उद्या सकाळी टाकी येतेय. लगेच भरून टाकू."

"पाणी भरू नका एवढ्यात," काका म्हणाले.

"का? काही राहिलंय?"

"बसून पाहायचं राहिलंय."

तिला कळेना. मग काकांनी वडिलांचा नियम सांगितला, अडखळत, जमिनीकडे बघत. आपण काय पोरकटपणा करतोय हे त्यांना कळत होतं. पण वडिलांच्या काळापासून जी गोष्ट झाल्याशिवाय एक फळी दाराबाहेर गेली नव्हती, ती न करता एवढं ओझं लहान पोरांच्या शेजारी उभं करायचं, हे त्यांच्या गळी उतरेना.

"मग घरी नाही का बसले कुणी?" तिने विचारलं.

शिंप्याच्या बायकोला दिलं तेच उत्तर इथेही देता आलं असतं. सोपं होतं. पण माणसांबद्दल खोटं बोलता आलं होतं, तसं लाकडाबद्दल येईना.

"घरी कुणी नाही," काका म्हणाले. बायको गेल्यापासून हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांना एकदम थकल्यासारखं झालं.

डॉक्टरिणीने खोलीवर नजर फिरवली. "किती लागतील?"

"दहाबारा. जाडी असतील तर नऊ चालतील."

"ऐका हो सगळे!" ती टाळी वाजवून म्हणाली. "उठा आणि या स्टँडवर येऊन बसा. दुखतंय मला माहीत आहे. पण दुखतंय ते तोंड, बसायला काय धाड भरलीय?"

लोक आधी हलेनात. मग एक पोट सुटलेले गृहस्थ उठले, बहुधा डॉक्टरीण रागावली तर सुई जोरात टोचेल या भीतीने. त्यांच्यामागून दोन कॉलेजातल्या मुली उठल्या. नवी कवळी लावायला आलेली एक बोळकी आजी आणि तिची सून आली. एक ड्रायव्हर आला, एक मास्तरीणबाई आल्या, तीन आडदांड भाऊ आले, त्यांतल्या एकाचीच दाढ दुखत होती आणि दोघे त्याला धरून आणायला आले होते. लांबीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून सगळे बसले. एक बाई रडणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन टोकाला टेकली.

काका खाली आडवे झाले आणि लाकडाला कान लावला. "हला!" ते ओरडले. आवाज हुबेहूब वडिलांचा निघाला. "असे गप्प नका बसू! खोका, ढोसा एकमेकांना!"

लोक आधी बिचकले, मग हलले. एका भावाने दुसऱ्याला कोपर मारलं. मुली खिदळल्या, गृहस्थांना हसू आलं आणि त्यांनी "आई गं" म्हणत जबडा धरला. त्यावर बाकीचे हसले आणि त्यांनीही आपापले जबडे धरले. रडणारी मुलगी रडायची थांबली. एवढी सगळी माणसं काकांच्या डोक्यावर डुलत होती आणि साग गप्प होता. एकही सांधा बोलला नाही.

"खाली काय करताय तुम्ही?" बोळक्या आजी वाकून म्हणाल्या. "या की वर. सरका गं जरा."

काका वर आले. आजी आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये वीतभर जागा झाली होती, तिच्यात ते शिरले. या खांद्याला आजींचा खांदा लागला, त्या खांद्याला ड्रायव्हरचा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी माणूस लागून किती वर्षं झाली होती, ते त्यांना आठवेना. त्यांना रडू येईल असं वाटलं. तिथे ते चाललंही असतं. दातांच्या दवाखान्यात रडणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही.

मग नंबर पुकारणारी मुलगी दारात आली. पहिले गृहस्थ उतरून आत गेले. थोड्या वेळाने गालाला हात लावून बाहेर आले आणि बधिर तोंडाने काहीतरी पुटपुटत निघून गेले. मग मास्तरीणबाई गेल्या. मग तिघे भाऊ एकदमच आत गेले. ड्रायव्हर गेला तेव्हा त्या बाजूने एकदम वारा लागला. आजींनी उठताना काकांच्या गुडघ्याचा आधार घेतला आणि "येते हं" म्हणाल्या. नवीन कवळी लावून परत आल्या तेव्हा त्या आरशात बघण्यात इतक्या दंग होत्या की त्यांचं काकांकडे लक्ष गेलं नाही.

जेवायच्या वेळी डॉक्टरीण बाहेर आली. खोली रिकामी होती आणि स्टँडवर काका बसले होते.

"काका? झालं ना समाधान?"

"झालं. एक आवाज नाही. खुशाल भरा."

"मग?"

घरी जायला हवं होतं. घरी रंधा होता, रेडिओ होता, डबाभर बिस्किटं होती. त्यांनी उठायचं म्हणून हात टेकले आणि तसेच ठेवले.

"टाकी उद्या यायची आहे," डॉक्टरीण म्हणाली. एरवी फटाफट बोलणारी ती बाई आता शब्द शोधत होती. "तोवर त्याच्यावर कुणी बसलं, तर माझी काही हरकत नाही." आणि ती जेवायला आत गेली.

काका बसून राहिले. दुपार टळल्यावर पुन्हा लोक येऊ लागले. एकेक खुर्ची भरली. शेवटी एक माणूस आला, गालावर रुमाल दाबून धरलेला. त्याने खुर्च्यांवरून नजर फिरवली, कुठे जागा दिसेना, तेव्हा तो काकांशेजारी स्टँडवर येऊन बसला. हे बाक आहे, यात त्याला शंका घ्यायचं काही कारण नव्हतं.

"तुमचा नंबर कितवा?" त्याने कसंबसं तोंड उघडत विचारलं.

"माझा शेवटचा," काका म्हणाले आणि त्याला नीट बसता यावं म्हणून थोडे सरकले. "तुम्ही व्हा पुढे. मला काही घाई नाही."